दोन्ही पाय बधिर

माणसाच्या पावलांची मला किळस येते. लहानपणापासूनची. भेगाळलेल्या टाचा, पिवळी नखं, मोजे काढल्यावर सुटणारा तो आंबूस वास. समोर कुणी पाय पसरून बसलं तर मी उठून दुसरीकडे बसते. वाकून नमस्कार करायची वेळ आली तर माझा हात पायांच्या वीतभर अलीकडेच थांबतो, आणि आमचे नातेवाईक त्याला घमेंड म्हणतात. म्हणोत बापडे. हे आधीच सांगून टाकते, कारण जिच्याविषयी लिहायला बसले आहे त्या हेमा निकमचा जन्म परक्या माणसांचे पाय मांडीवर घेण्यात चालला आहे.

हेमा तेव्हा गोमती नगरमधल्या एका तपासणी सेंटरमध्ये कामाला होती. हातापायांतल्या मज्जातंतूंची तपासणी करायची. लखनौचे लोक त्याला सरसकट 'नसों की जाँच' म्हणतात आणि ती करंट लावणारी बाई म्हणून हिला घाबरतात. कातडीवर दोन-तीन धातूच्या चकत्या चिकटवायच्या, हेमा त्यांना टिकल्या म्हणते. मग नसेवर बारीकसा झटका द्यायचा. संदेश किती वेगाने जातो, किती जोरात पोचतो ते मशीनच्या पडद्यावर दिसतं. नस धड असेल तर पडद्यावर डोंगर उठतो, मेली असेल तर रेघ सपाट राहते. तपासणी एवढीच. पण ती नीट करायला माणसाच्या अंगाला हात लावावा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

हेमा मूळची कराडजवळची. नवरा सुबोध फौजेत हवालदार, त्याच्या बदलीबरोबर ती इथल्या छावणीत आली आणि त्याच्या निवृत्तीनंतर चिनहटला दोन खोल्या घेऊन इथलीच झाली. मधल्या काळात तिने तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला. मुलगी मैत्रेयी अकरावीत. आई मराठीत विचारते, मुलगी हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

माझी तिची ओळख माझ्या मनगटामुळे झाली. मी जानकीपुरमच्या पुढे एका औषध-संशोधन संस्थेत रसायनाचं काम करते. सकाळी उठलं की हातांना मुंग्या यायच्या, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. पहिल्याच झटक्याला माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. मशीनमागून लगेच प्रश्न आला, ताई, कुठल्या तुम्ही? मी मिरजेची म्हटल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली. हात झाले. मग म्हणाली, मोजे काढा. मी म्हटलं, पाय राहू दे, मला त्रास हातांचा आहे. ती म्हणाली, कागदावर पाय लिहिलेत, न बघता बघितले असं मी लिहीत नाही. आणि पाय शेकून झाल्यावर माझं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं. ऐन डिसेंबरमध्ये मला घाम फुटला. मला दुसऱ्याच्या पायांची जितकी किळस, तितकीच माझ्या पायांची लाज.

मांडीवर घेण्याआधी तिने माझे पाय वीस मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बुडवून ठेवले होते. लखनौच्या थंडीत पावलं गारठतात, आणि गार नसेतून संदेश सावकाश जातो. तसेच तपासले तर धडधाकट माणूस आजारी ठरतो. म्हणून ही बाई प्रत्येकाचे पाय शेकणार, पुसणार, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करणार, आणि मगच टिकली लावणार. दिवसाला दहा-बारा माणसं. इ-रिक्षावाले, दुधवाले, साखरेच्या आजाराने टाचा काळ्या पडलेले म्हातारे. मी एकदा तिच्यासाठी डबा घेऊन गेले होते, ते दृश्य बघितलं आणि डबा तसाच परत आणला.

सेंटरचे मालक डॉक्टर सौरभ. हा माणूस काचेच्या दाराआड बसायचा. रोग्याला त्याने हात लावलेला मी एकदाही पाहिला नाही. टेबलावर हात धुवायच्या औषधाची बाटली, आणि नुसता रिपोर्टचा कागद हाताळला तरी दोन थेंब तळहातावर. हेमाच्या टबाचा त्याला भारी राग. यहाँ ब्यूटी पार्लर खोला है क्या, असं तो रोग्यांसमोर विचारायचा. चिनहटच्या एका चपला बनवणाऱ्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची वार्षिक तपासणी त्याच्याकडे असायची. एका दिवसात चाळीस माणसं. त्याने हेमाला सांगितलं होतं, हात करा, पायांचे आकडे नॉर्मल भरून टाका. तिने नाही म्हटलं, तर त्याने ते काम दुसऱ्या तंत्रज्ञाकडे दिलं. म्हणजे न बघितलेल्या पायांचे रिपोर्ट निघतच राहिले. हे तिने मला सांगितलं तेव्हा मला शिसारी आली. पाय घाण असतात ते धुता येतात. याचं काय धुणार?

त्याच कारखान्यातून जानेवारीत रामसजीवन आला. वय चौतीस. चपलांचे तळवे गोंदाने चिकटवायच्या खोलीत तो सहा वर्षं होता. खिडकी एक, तीही थंडीत बंद. पाय मेल्यासारखे झाले होते, पण कामगारांच्या सरकारी कार्यालयात त्याने गोंदाने तब्येत बिघडली एवढीच तक्रार केली होती, आणि कार्यालयाने त्याला तपासणीसाठी पाठवलं होतं. हेमाने त्याला दारातून येताना पाहिलं तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठाय विचारलं तर त्याने खाली पाहिलं आणि मग मागे. चप्पल फाटकाजवळ पडली होती. ती पायातून निघाली हे त्याला कळलंच नव्हतं.

टाचेखाली जखम होती. खिळ्यावर पाय पडला होता आणि फरशीवर रक्त दिसलं तेव्हा त्याला कळलं, तेही दोन दिवसांनी. पू झालेला. बोटांच्या फटींत गोंदाचे पिवळे पापुद्रे, आणि त्यावर त्या गोंदाचा उग्र वास. हेमा हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना सांगत होती. माझा कप मी खाली ठेवला. ती आपली बशीत चहा ओतून पीत होती. तिने जखम साफ करून झाकली, पाय शेकले, थंडीमुळे असं झालं असं उद्या कुणी म्हणायला नको म्हणून पाच मिनिटं जास्तच शेकले. मग तपासलं. दोन्ही पायांत, डोंगर दिसायला हवा तिथे सपाट रेघ.

तिने रामसजीवनला विचारून गोंदाच्या डब्यावरचं नाव कागदावर उतरवून आणलं होतं. ते वाचून मला काही शोधावं लागलं नाही. त्यातलं द्रावण बंद खोलीत रोज नाकात गेलं की मज्जातंतू बोटांच्या टोकापासून वर मरत जातात. माणूस वेळेत त्या खोलीबाहेर पडला तर वर्षा-दोन वर्षांत बरंच परत येतं. आतच राहिला तर आधी गुडघे, मग हात. मी तिला हे समजावून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर भाजी चिरायला घेतली. त्या खोलीत आणखी अकरा जण होते हे तिनेच मला सांगितलं होतं.

आता ती चूक. सरकारी कार्यालयाचा नमुना हिंदीत भरून द्यायचा होता. दोन रकाने महत्त्वाचे, 'तकलीफ' आणि 'किस ओर'. डॉक्टरसाहेब असली कारकुनी करत नाहीत, तेव्हा भरायचा हेमाने. एकोणीस वर्षं लखनौत काढलेली बाई. रोज तोंडाने शंभर वेळा 'सुन्न' म्हणते, 'पैर सुन्न है क्या' हेच विचारते. पण पेन हातात आलं आणि तिच्या डोक्यात शाळेतली बाई जागी झाली. सुन्न म्हणजे बाजारातला शब्द, सरकारी कागदावर शुद्ध हिंदी पाहिजे. आणि शुद्ध हिंदी म्हणजे काय, तर आपला मराठीतला जडसा संस्कृत शब्द. आपण सगळे मराठी लोक इथे हेच करतो. तर हिने 'तकलीफ'च्या खाली लिहिलं 'बधिरता, छह महीने से', आणि 'किस ओर'च्या खाली 'दोनों'. आपल्याकडे पाय बधिर होतो, जीभ बधिर होते, दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात. मूकबधिर हा शब्दही आपण रोज वापरतो, पण त्यातला बधिर आणि हा बधिर एकच, हे कुणाच्या मनात येतं? सौरभसाहेबांनी न वाचता सही केली आणि दोन थेंब हातावर घेतले.

महिन्याभराने रामसजीवन परत आला. हातात दोन कागद. पहिला कानांच्या तपासणीचा, दोन्ही कान उत्तम. दुसरा कार्यालयाचा, 'शिकायत निराधार'. त्याने हेमाला फक्त एवढंच विचारलं की दीदी, माझे कान का बघितले. कारखान्याने त्याला खोटारडा म्हणून तंबी दिली होती आणि तो पुन्हा त्याच खोलीत कामाला लागला होता. हेमाला काही उलगडेना. ती कागद घरी घेऊन गेली. मैत्रेयीने ते वाचले आणि फिस्सकन हसली.

"मम्मी, बधिर मतलब बहरा. तुमने अंकल को बहरा लिख दिया."

हेमाने मला हे सांगितलं तेव्हा मीही हसले. खोटं कशाला बोलू, चांगली पोट धरून हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हणाली, त्या कार्यालयातही सगळे असेच हसले म्हणे. एकाने त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवली, रामसजीवनने वळून पाहिलं, झाली सुनावणी. मला माझ्या हसण्याची जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

ती दुसऱ्याच दिवशी सौरभकडे गेली. चूक माझी, फक्त एक दुरुस्तीचं पत्र द्या, म्हणाली. त्याने कानावर हात ठेवले. रिपोर्टातले आकडे बरोबर आहेत ना, मग झालं, तो रकाना कोण वाचतं, असं म्हणाला. तिने सांगितलं की त्यांनी तेवढाच वाचला. तेव्हा साहेब जरा गरम झाले. दुरुस्ती दिली म्हणजे मी न वाचता सही केली असं होतं, हे त्याने इंग्रजीत सांगितलं. कारखान्याची वार्षिक तपासणी आपल्याकडे आहे, हे हिंदीत सांगितलं. आणि तू तिकडे परस्पर गेलीस तर दुसऱ्या दिवशी इथे येऊ नकोस, हेही सांगितलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या अकरा जणांच्या तळपायांत तेवढीसुद्धा धग उरली नसेल.

आणि एवढं सगळं कळूनही मी तिला काय सल्ला दिला? सोड म्हटलं. सुबोधच्या पेन्शनवर घर चालेल का, मैत्रेयीचं कॉलेज पुढे आहे, आपल्याच पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. अगदी शहाण्यासारखं बोलले. तिने कप विसळून पालथा घातला.

"ताई, चूक माझी आहे. डॉक्टरांची असती तर मी घरी बसले असते," ती म्हणाली. "माझ्या एका शब्दाने तो परत त्या खोलीत गेलाय."

तिने रामसजीवनकडून फेरविचाराचा अर्ज करवला होता, तारीख मिळाली होती. गोंदाचं काय ते सांगायला तुम्ही याल का, तिने विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. तिने मान हलवली आणि गेली, एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. तारखेच्या सकाळी मी रजा टाकली आणि तोंड वाकडं करून तिच्या शेजारी रिक्षात बसले.

पुढे काय निकाल लागला तो आत्ताच सांगते, म्हणजे कुणी मोठी आशा धरून वाचायला नको. अर्ज पुन्हा नोंदला गेला. रामसजीवनला पॅकिंगकडे हलवलं, खोलीला दोन मोठे पंखे बसले. गोंद तोच आहे. अकरा जणांपैकी सात जणांचे पाय पुढे बधिर निघाले, हिंदीत लिहायचं तर सुन्न. सौरभने दुसरं सेंटर काढलं, मोठ्या काचेचं. हेमाची नोकरी सुनावणीच्याच दिवशी गेली. ती चार महिने घरी होती, आता एका धर्मादाय इस्पितळात टब घेऊन बसते. कुणाच्या तोंडाला काळं लागलं नाही. याचा मला इतका वीट आलाय की त्या सेंटरवरून जाताना मी मान फिरवते.

पण त्या दिवशी कार्यालयात काय झालं ते राहिलं. अधिकारी पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले, आधीच कावलेले. समोर कारखान्याचा मॅनेजर, चकचकीत बूट घातलेला. तो म्हणाला, आधी कान म्हणत होते, आता पाय म्हणतायत, उद्या आणखी काही म्हणतील. हेमा उभी राहिली. तिने सांगितलं की साहब, गलती मेरी है, हमारी मराठी में सुन्न को बधिर कहते हैं. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, तो आप हिंदी के कागज पर मराठी लिख रही थीं? पुन्हा सगळे हसले. मी गोंदाविषयी बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. रिपोर्टातले आकडे दाखवले. त्यावर मॅनेजर म्हणाला की ज्या बाईला साधा शब्द लिहिता येत नाही तिच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार. आणि पाय सुन्न आहेत असं तर कुणीही सांगेल, कामचुकारपणा करायला ते सोपं आहे.

 हेमाने रामसजीवनला खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं, तिकडेच बघ म्हणाली, खाली बघायचं नाही. अंगठ्याला हात लागला की कुठला पाय ते सांगायचं. चपला काढल्या. खिळ्याच्या जखमेवर मळकी पट्टी होती, गोंदाचा वास खोलीभर पसरला. मॅनेजरने रुमाल नाकाला लावला. माझाही हात पदराकडे गेला होता.

"ताई, तुम्ही धरा," हेमा मला मराठीत म्हणाली. "मी धरला तर म्हणतील ही खाणाखुणा करते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझी किळस ठाऊक होती. मिरजेपासून लखनौपर्यंत मी एकाही परक्या पायाला हात लावलेला नाही, हे मीच तिला हसत हसत सांगितलेलं. ती माझी कीव करत नव्हती की परीक्षाही घेत नव्हती, तिला फक्त तिसरं माणूस हवं होतं. मी खाली फरशीवर बसले.  त्याची दोन्ही पावलं मी उचलून मांडीवर घेतली. गार होती, तळवे जाड आणि चिकट, बोटांवर पापुद्रे. मी उजव्या पायाचा अंगठा दाबला. मग आणखी जोरात. अधिकारी खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून माझ्या डोक्यापाशी येऊन उभे राहिले. मी अंगठ्याच्या कातडीत नख रुतवलं, पार पांढरा खळगा पडेपर्यंत. माझ्याच बोटाला कळ लागली.

 रामसजीवन कॅलेंडरकडे बघत ताठ बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. चुकीचं उत्तर जाऊ नये म्हणून त्याने श्वाससुद्धा धरला होता. थोडा वेळ वाट पाहून तो हळूच, अदबीने म्हणाला,

"दीदी, हम तैयार हैं. अब छुइए."